दुबई ते मस्कत: तासाभराचं विमान, पण दिवस अख्खा जातो

माझी मोठी बहीण मस्कतमध्ये रुवीला राहते, मी दुबईत करामाला. वर्षातून चार-पाच वेळा तरी जाणं होतं. कधी ऑफिसचं काम असतं, कधी ताईकडचा गणपती. विमान हवेत असतं जेमतेम तासभर. त्यामुळे पहिल्यांदा जाणारा माणूस हा प्रवास पुण्याहून शिवनेरीने दादरला जावं तसा धरतो आणि तिथेच फसतो. अंतर लहान असलं तरी देश दोन आहेत, म्हणजे इमिग्रेशन दोनदा, सुरक्षा तपासणी, कस्टम, वेगळं चलन, वेगळी सुट्टी. विमानात बसल्यावर काही करायचं नसतंच. सगळं करायचं असतं ते आधी आणि नंतर.

मी जे लिहितोय ते यूएईची रेसिडेन्सी (तिथे राहण्याचा परवाना) असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. व्हिजिट व्हिसावर आलेल्यांचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

तिकिटाआधी वार बघा

यूएईत २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. शारजात तर शुक्रवारही पूर्ण सुट्टी. ओमानमध्ये मात्र सुट्टी शुक्रवार-शनिवारची. म्हणजे दुबई आणि मस्कत दोन्हीकडे पूर्ण सुट्टीचा असा एक शनिवारच.

याचा फायदा करून घेता येतो. मस्कतमध्ये बँक, सरकारी कचेरी किंवा एखाद्या कंपनीत काम असेल तर रविवारी जा. तिथे तो आठवड्याचा पहिला कामाचा दिवस आणि तुमची सुट्टी, रजा टाकावी लागत नाही. शुक्रवारी कामासाठी जाल तर कुलूप बघून परत याल. नुसतं भेटायला जायचं असेल तर शनिवार धरा, कारण नातेवाईक घरी असतात आणि तुम्हीही मोकळे. गुरुवारची संध्याकाळ शक्यतो टाळा, ओमानकडचा वीकेंड तेव्हाच सुरू होतो.

घड्याळाला हात लावायचा नाही, दोन्हीकडे वेळ एकच. बहारीन, कतार, कुवेत किंवा सौदीला गेलात तर मात्र घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. आमचा एक मित्र दोहाहून परतताना हे विसरला आणि दुबईत उतरल्यावर ठरलेल्या भेटीला तासभर उशिरा पोचला.

डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेचं विमान मी घेत नाही. त्या दिवसांत यूएईत पहाटे धुकं धरतं आणि एकदा का पहिल्या विमानांची रांग लागली की दुपारपर्यंत सगळं मागे-मागे सरकत जातं. नऊ-दहाचं विमान बरं.

कागद: खरी परीक्षा इथेच

विमान कंपनीच्या काउंटरवरची व्यक्ती तुमचं सामान बघायच्या आधी तुम्हाला पलीकडे प्रवेश मिळेल की नाही हे बघते. तिच्यासमोर संगणकावर देशोदेशीचे नियम असतात. चुकीच्या कागदांवर तुम्हाला नेलं तर परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो, दंडही बसू शकतो. त्यामुळे शंका आली की ती ‘नाही’ म्हणते, आणि तिथे वाद घालून काही होत नाही.

जीसीसी (यूएई, ओमान, सौदी, कतार, कुवेत, बहारीन या सहा आखाती देशांचा गट) देशांत राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी ओमानने प्रवेशाची वेगळी सोय ठेवली आहे. पूर्वी त्यात व्यवसायाची यादी असायची: इंजिनिअर, डॉक्टर, मॅनेजर वगैरे चालत, साध्या पदनामाच्या माणसाला अडचण यायची. त्यानंतर नियम बरेच सैल झाले आहेत. तरी दर वेळी तिकीट काढण्याआधी रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर आपला प्रकार तपासायचा, अर्ज लागत असेल तर तिथूनच करायचा. ‘मागच्या वेळी असंच गेलो होतो’ हे वाक्य काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. पासपोर्टला सहा महिने आणि रेसिडेन्सीला किमान तीन महिने शिल्लक नसतील तर तिकीट काढायचं नाही. आधी नूतनीकरण, मग मस्कत.

आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे यूएईचं ओळखपत्र! एप्रिल २०२२ पासून यूएई पासपोर्टवर रेसिडेन्सीचा स्टिकर लावत नाही, तुमच्या रेसिडेन्सीचा पुरावा म्हणजे ते कार्डच. हे मला माहीत होतं, तरी जुन्या सवयीने एकदा फक्त पासपोर्ट घेऊन निघालो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड मागितलं. ते माझ्या गाडीत, आणि गाडी करामाच्या पार्किंगमध्ये. फोनमधला फोटो दाखवला, अॅपमधलं कार्ड दाखवलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, “सर, ओरिजिनल.” टॅक्सीने घरी जाऊन परत येईपर्यंत काउंटर बंद झालं होतं. संध्याकाळच्या विमानाला जवळजवळ दुप्पट पैसे मोजले. ताईने जेवायला थांबून शेवटी नऊ वाजता भाजी परत गरम केली. तेव्हापासून कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच असतं, पाकिटात नाही.

तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव बहुधा पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ रकान्यातच येतं, म्हणून तिकिटावरही ते तसंच टाका. गावाकडच्या काही वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने यूएईत प्रवेश मिळत नाही. आई-वडिलांना बोलावण्याआधी त्यांचा पासपोर्ट उघडून बघा.

आई-वडिलांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ते व्हिजिट व्हिसावर दुबईत आलेत आणि ‘चला, दोन दिवस ताईकडे नेऊन आणू’ असं मनात असेल तर थांबा. तुमच्या रेसिडेन्सीचा फायदा त्यांना मिळत नाही, ओमानचा व्हिसा त्यांना वेगळा लागतो. शिवाय त्यांचा यूएईचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर बाहेर पाऊल टाकलं की तो संपला. परतायला नवा काढावा लागेल. मल्टिपल एंट्री असेल तरच हा बेत करा.

उलट्या दिशेचाही घोळ होतो. ओमानची रेसिडेन्सी असलेल्या ताई-भाऊजींना दुबईला यायचं असेल तर विमानात बसण्याआधी यूएईचा ई-व्हिसा हातात हवा. उतरल्यावर बघू, असं चालत नाही.

कागदांत शेवटचं, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि रेसिडेन्ट कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर ‘रुवीत, दीदी के घर’ एवढ्यावर भागत नाही.

बॅग: काय न्यायचं, काय मुळीच नाही

दोन दिवसांसाठी हातातली बॅग पुरते. चेक-इन सामान नसेल तर मस्कतला पट्ट्यापाशी उभं राहावं लागत नाही आणि सहज अर्धा तास वाचतो. स्वस्तातल्या तिकिटात सात किलोची मर्यादा असते आणि गर्दीच्या दिवशी खरोखर वजन करतात.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा मिलिअँपिअरमध्ये नसून वॉट-अवरमध्ये असते, त्यामुळे गोंधळ होतो. २०,००० मिलिअँपिअरची साधी पॉवर बँक ७४ वॉट-अवरच्या आसपास बसते, १०० च्या आत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक आणि विमानात तिचा वापर बंद, असा नियम केला आहे. तेव्हा घरूनच फोन पूर्ण चार्ज करून निघा.

आता आपल्या लोकांसाठी खास. खसखस. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, मसाल्यात पडते, अनारशांवर लागते. यूएईत मात्र ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि लोक त्यापायी तुरुंगापर्यंत पोचलेले आहेत. गेल्या दिवाळीत आईचा साताऱ्याहून फोन आला, शेजारचा मुलगा दुबईला येतोय, त्याच्याबरोबर ताईसाठी अनारसे पाठवते, तू मस्कतला ने. मी म्हटलं, आई, खसखस न लावता कर. पलीकडे क्षणभर शांतता. “खसखस नाही तर ते अनारसे कसले?” शेवटी चकल्या आल्या. घरगुती काळ्या किंवा गोड्या मसाल्याची पुडी कुणी दिली तरी त्यात खसखस आहे का, हे आधी विचारा. विड्याची पानं, गुटखा, तंबाखू-चुना यांच्याही वाटेला जाऊ नका.

औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या दोन्ही देशांत नियंत्रित आहेत. भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीत त्या नकळत पडलेल्या असतात. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, एकेक गोळी कापून डबीत भरलेली नको.

लग्नाकार्याला निघालात तर आणखी एक हिशेब. यूएईत ६०,००० दिरहम किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर कस्टमला सांगावं लागतं, ओमानमध्ये ही मर्यादा ६,००० रियाल आहे. सहा हजार रियाल म्हणजे साधारण ५७,३०० दिरहम. म्हणजे ५९,००० दिरहम घेऊन निघालेला माणूस दुबईत नियमात असतो आणि मस्कतला उतरल्यावर नियमाबाहेर. सोन्याच्या बाबतीतही हेच भान ठेवा. अंगावरचं मंगळसूत्र-बांगड्या कुणी मोजत बसत नाही, पण डबाभर दागिने असतील तर पावत्या हव्यात आणि स्वतःहून सांगितलेलं बरं.

निघण्याचा दिवस

दुबई विमानतळाला तीन टर्मिनल आहेत आणि २ तर बाकीच्या दोन्हींपासून दूर आहे, चुकीच्या टर्मिनलला जाऊ नका. ओमान एअर टर्मिनल १ हून सुटते, एमिरेट्स ३ हून. फ्लायदुबईची बहुतेक विमानं २ हून सुटतात आणि काही ३ हून, म्हणून दर वेळी तिकीट बघायचं. मेट्रोची रेड लाइन १ आणि ३ ला जाते, २ ला जात नाही. मेट्रो शनिवारी पहाटे पाचला सुरू होते, रविवारी मात्र आठला. रविवारी सकाळचं विमान असेल तर टॅक्सीचे पैसे बाजूला काढूनच ठेवा.

मागच्या शनिवारच्या फेरीची वेळ मी लिहून ठेवली होती. साडेनऊचं विमान, टर्मिनल १. घरून सव्वासहाला निघालो, मेट्रोने पावणेसातला टर्मिनलवर. ऑनलाइन चेक-इन आदल्या रात्रीच केलं होतं, तरी कागद दाखवायला काउंटरवर थांबावं लागलं, पंचवीस मिनिटं. इमिग्रेशनला रेसिडेन्ट लोकांना स्मार्ट गेट आहे. कॅमेऱ्याकडे बघायचं आणि पुढे सरकायचं. चष्मा-टोपी काढली तर पहिल्या फटक्यात होतं. मग सुरक्षा तपासणी आणि त्यानंतर छोटी ट्रेन, जी कॉन्कोर्स डीला नेते. टर्मिनल १ ची विमानं तिथून सुटतात आणि या ट्रेनचा वेळ लोक हिशेबात धरत नाहीत. आठ वाजता गेटजवळ चहा घेत बसलो होतो. दहा-चाळीसला मस्कतला उतरलो, अकरा-वीसला दाराबाहेर, आणि ताईच्या दारात बारा वाजून पाच मिनिटांनी.

म्हणजे दारापासून दारापर्यंत पाच तास पन्नास मिनिटं. हत्ताच्या सीमेवरून गाडीने गेलो असतो तरी साधारण तेवढेच लागले असते, सीमेवर रांग नसेल तर थोडे कमीच. चौघांचं कुटुंब आणि सामान असेल तर मी गाडीच म्हणेन, ओमानचा गाडीचा विमा काढून. एकटा-दुकटा असाल, कामाला जात असाल, तर विमान. विमानात डोकं चालवता येतं, गाडीत फक्त हात.

काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. छोटं विमान म्हणून ते जास्त वेळ उघडं ठेवत नाहीत. घरून निघण्याआधी विमानाची स्थिती एकदा बघा. एरवी हे कुणी सांगायला नको, पण १६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबई विमानतळावर पाणी भरलं आणि पुढचे काही दिवस वेळापत्रक कोलमडलेलं होतं. जून २०२५ मध्ये कतारने आपलं हवाई क्षेत्र काही तास बंद केलं तेव्हाही इथे सगळीकडे गोंधळ उडाला. आखातात एका देशाचं आकाश बंद झालं की शेजाऱ्यांचंही बिघडतं.

खिडकी

जाताना उजवीकडची खिडकी घ्या. त्या बाजूला हजर पर्वताची रांग दिसते: तपकिरी, कोरडी, एकही झाड नसलेली, आणि मधून वळत गेलेल्या ‘वादी’ म्हणजे कोरड्या नदीपात्रांचे पांढरट पट्टे. सह्याद्री पावसाआधी मे महिन्यात कसा दिसतो तो आठवा आणि त्यातून उरलासुरला हिरवा रंगही काढून टाका. डावीकडे ओमानचं आखात आणि बातिनाची किनारपट्टी. सकाळी समुद्रावर ऊन चमकतं, फोटो येत नाहीत. पाणी आणि एक सँडविच हातात येईपर्यंत उतरण्याची घोषणा होते.

मस्कतला उतरल्यावर

नवं टर्मिनल २०१८ च्या मार्चमध्ये सुरू झालं. प्रशस्त आहे आणि दुबईच्या मानाने शांत. इमिग्रेशनला उभं राहण्याआधी फलक वाचा. ई-व्हिसावाले आणि बाकीचे यांच्या रांगा वेगळ्या असू शकतात. चुकीच्या रांगेत अर्धा तास काढून मग दुसरीकडे जायला सांगतात तेव्हा फार जीवावर येतं.

पैशांचं बघू. एक रियाल म्हणजे सुमारे साडेनऊ दिरहम. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली असल्यामुळे हा भाव फारसा हलत नाही. मात्र रियालचे बैसे हजार. त्यामुळे बिलावर दशांशानंतर तीन आकडे असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा बुर्जी-चपातीच्या हॉटेलात बिल आलं ३.५००. मी साडेतीन हजार वाचलं आणि घशाला कोरड पडली. साडेतीन रियाल होते ते, म्हणजे तेहेतीस-चौतीस दिरहम. बैसा हा शब्द आपल्याच पैशावरून आलेला आहे, आणि त्यात नवल नाही. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो मस्कतमध्ये १९७० पर्यंत चालत होता.

काही दुकानदार दिरहमही घेतात, पण दहाला एक असा भाव लावतात. लहान खरेदीला चालेल, मोठ्या नको. विमानतळावर गरजेपुरते दहा-वीस रियालच बदला, बाकीचे रुवीतल्या एक्स्चेंजमध्ये. कार्ड वापरताना मशीन विचारतं, दिरहममध्ये घेऊ की रियालमध्ये? रियाल दाबा. दिरहम दाबलंत की मधला भाव त्यांचा.

टॅक्सी चालवणारे इथे ओमानीच असतात. केशरी-पांढऱ्या टॅक्सीत बसण्याआधी भाडं बोलून घ्या किंवा ओटॅक्सी अॅपवरून बोलवा. दुबईसारखं हिंदी-उर्दूवर सगळं निभावेल असं गृहीत धरू नका, तरी ‘सलाम आलेकुम’ आणि थोडं हसणं पुरतं. हातात वेळ असेल तर मुवासलातची बस रुवीकडे जाते, आणि ती टॅक्सीच्या मानाने अगदीच स्वस्त.

मस्कत हे डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये लांबट पसरलेलं शहर आहे. विमानतळ सीबच्या बाजूला एका टोकाला, रुवी-मत्रा दुसऱ्या टोकाला. काम अल खुवैरला असेल आणि हॉटेल मत्राला घेतलंत तर दिवसाचा बराच भाग सुलतान काबूस रस्त्यावर जातो.

दुपारी उतरून लगेच मत्राच्या सूकला, म्हणजे जुन्या बाजाराला, जाऊ नका. एक ते चार-पाच दुकानं बंद असतात, शुक्रवारी सकाळीही शुकशुकाट असतो. जेवून थोडं पडा आणि पाचनंतर निघा. सुलतान काबूस ग्रँड मशीद बघायची असेल तर मुस्लिमेतरांना सकाळी आठ ते अकरा, आणि शुक्रवारी नाही. बायकांना डोकं आणि हात-पाय झाकून जावं लागतं, ओढणी बरोबर असू द्या. जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाड्याजवळ शंकराचं जुनं मंदिर आहे. ताई सोमवारी तिथे जाते.

रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा रस्त्यात, गाडीत, कुठेही उघड्यावर खाणं-पिणं नको, पाण्याचा घोटसुद्धा. दुबईत आता बरीच मोकळीक आहे आणि तीच सवय इथे अंगाशी येते.

फोनचं रोमिंग दुबईतूनच सुरू करून निघा. बँकेचा ओटीपी दुबईच्याच नंबरवर येणार आणि तो आला नाही तर कार्ड असूनही पैसे देता येत नाहीत.

परत येताना

ताई निघताना ओमानी हलवा देतेच. साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी, आणि चमच्याला धरून ओढला तर लांबत जाणारा. तो हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत द्रव किंवा जेल म्हणून अडवला जाऊ शकतो, शंभर मिलीच्या नियमात तो बसत नाही आणि त्या डब्याकडे पाठ फिरवून निघणं फार अवघड असतं. हलवा न्यायचाच असेल तर परतीच्या तिकिटात चेक-इन बॅग धरा. लुबान, म्हणजे धुपासारखा जाळायचा सुगंधी डिंक, कोरडा असतो, तो कुठेही ठेवा.

परतीला दुबईत पुन्हा स्मार्ट गेट. रविवारी मेट्रो बाराला बंद होते. दहाचं विमान असेल तर अकरा-दहाला उतराल आणि सगळं सुरळीत झालं तर शेवटची मेट्रो मिळेल. पण त्या रात्री चेक-इन बॅगेत हलवा असेल तर पट्ट्यापाशी उभं राहून घड्याळ बघत बसावं लागतं. मी आता आठचं विमान घेतो.